कथेतल्या ‘मी’ला ‘गेले’ लिहिलं आणि आता माझंच मला कळत नाहीये (मोठी पोस्ट आहे)

तीनपेडी:

नमस्कार. नवीन अकाउंट काढलंय कारण जुन्यावर कॉलेजचे लोक आहेत. वय २१, पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. आत्तापर्यंत मुलगा म्हणूनच जगलोय आणि त्याबद्दल कधी फार विचार केला नव्हता, म्हणजे यायचा मनात, रात्री झोपायच्या आधी, पण सकाळी आठचं लेक्चर असलं की राहून जायचं.

आधी गेमचं सांगतो. शाळेत असल्यापासून जिथे जिथे कॅरेक्टर निवडायला मिळतं तिथे मी मुलगीच घेतो. मित्रांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, तासन्‌तास पाठमोरं कॅरेक्टर बघायचं तर मुलीचं बघू ना, की सगळे हसायचे आणि विषय संपायचा. पण ते खरं नव्हतं. मी तिच्याकडे बघत नसायचो, मी ती असायचो. २०२३ ला बाल्डर्स गेट ३ हा गेम आला, त्यात सुरुवातीला शरीर वेगळं निवडायचं, आवाज वेगळा निवडायचा, आणि बाकीच्यांनी आपल्याला इंग्रजीत ‘ही’ (he, म्हणजे तो) म्हणायचं, ‘शी’ (she, ती) म्हणायचं की ‘दे’ (they, दोन्ही नाही), ते परत वेगळं. मी त्या एका स्क्रीनवर पाऊण तास बसलो होतो. नंतर अपडेटमध्ये जादूचा आरसा आला, कॅम्पमध्ये त्याच्यासमोर उभं राहून यातलं बरंचसं बदलता येतं, तर मी एकदा मुद्दाम ‘ही’ करून बघितलं. दोन संवाद ऐकले आणि लगेच परत बदललं. चपला उलटसुलट पायात गेल्यावर कसं वाटतं तसं वाटलं.

मग कॉस्प्ले, म्हणजे गेममधल्या कॅरेक्टरसारखा वेष करणं. दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी कॉनला, म्हणजे असे वेष करून जमायच्या मेळाव्याला, जायचं ठरवलं, गेन्शिन इम्पॅक्ट या गेममधली चार कॅरेक्टर, चिठ्ठ्या टाकल्या. रायडेन शोगुन ही त्यातली तलवारवाली बाई माझ्या वाट्याला आली असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे ती दुसऱ्याला आली होती, मी त्याच्याकडून बदलून घेतली. तलवारीसाठी रविवार पेठेतून फोम आणला, ओबीचं (कमरेच्या जपानी पट्ट्याचं) कापड आईच्या जुन्या ओढणीचं. पण तिची ती लांब जांभळी वेणी, ती कशी घालायची ते यूट्यूबवर बघून जमेना. शेवटी आजीकडे गेलो, म्हटलं गॅदरिंगसाठी पाहिजे. आजीने विग घेतला, स्टीलच्या पिठाच्या डब्यावर चढवला, डबा गुडघ्यांत धरला आणि वेणी घालून दाखवली, आणि पूर्ण झाली तशी सगळी सोडून टाकली, म्हणाली आता तू घाल. मी घातली. पेड सैल राहिला की ती माझी बोटं धरून ओढायची, वर घट्ट नसेल तर खाली शेपटासारखी होते म्हणायची. तासभर चाललं होतं. एकदाही तिने विचारलं नाही की मुलाला वेणी कशाला.

कॉनमध्ये एक सहा-सात वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली ताई, एक फोटो? मी तोंड उघडलं नाही, नुसती मान हलवली. फोटो काढला, ती गेली. ते ‘ताई’ मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं. घरी आल्यावर खोबरेल तेलाने मेकअप उतरवला, कपडे धुवायला टाकले, पण वेणी सोडवली नाही. अजून तशीच आहे कपाटात, वरच्या खणात.

आणि आता कथा. मी मराठीत लिहितो, फार कुणाला दाखवत नाही. मागच्या महिन्यात एक सुरू केली, प्रथमपुरुषी, आणि पहिल्याच वाक्यात हाताने लिहिलं, “मी खिडकीपाशी गेले.” ठरवलं नव्हतं. इंग्रजीत लिहीत असतो तर काही कळलंच नसतं, आय वेंट, संपलं. मराठीत क्रियापद लपू देत नाही. अकरा पानं झालीत, बसले, उठले, दमले, चिडले. रात्री दार लावून हळू आवाजात वाचून बघितलं तर छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं आणि मग खूप भीती वाटली.

प्रश्न असा की हे सगळं छंदातलं आहे असं समजून सोडून द्यायचं का? कळतं कसं? आणि त्या लहान मुलीला मी फसवलं का, हे पण मनातून जात नाहीये.

मॉनिटरसमोर:

मी ३४ चा आहे, पुरुष आहे, आणि फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये सात वर्षं मांजरीच्या कानांची मिकोटे बाई खेळतोय, लग्न झालंय, बायकोला माहितीये. आमच्या फ्री कंपनीत (गेममधल्या गटात) निम्मे बाप्ये बायका खेळतात आणि दोनतीन बायका दाढीवाले, धिप्पाड रोगाडिन खेळतात. त्या गेममध्ये फँटाशिया नावाची बाटली असते, प्यायली की शरीर, लिंग, वंश सगळं बदलतं, लोक कंटाळा आला म्हणूनही पितात. म्हणून पहिलं सांगणं हे की नुसत्या गेमवरून स्वतःवर शिक्का मारायची घाई करू नकोस.

पण तुझी पोस्ट परत वाचली आणि प्रामाणिकपणे सांगतो, माझ्यापेक्षा वेगळं आहे. मला चॅटमध्ये हजारदा सिस, दीदी म्हटलंय लोकांनी, मला त्यातलं एकही लक्षात नाही. पीसी बंद केला की ती बाई तिथेच राहते. ‘ही’ निवडल्यावर पायात चप्पल उलटी गेल्यासारखं मला आयुष्यात कधी झालं नाही, मला ते दिसतसुद्धा नाही. तू ते तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलंयस, गेममध्ये, कॉनला आणि कथेत. त्याचा अर्थ काय ते मी नाही सांगू शकत, पण ते आहे.

पंचगंगा:

मी कोल्हापूरची, आणि उलट्या बाजूने हेच करतो. हो, ‘करतो’च. आमच्याकडं बायका मी जातो, मी आलो, मी जेवलो असंच बोलतात, माझी आई, आज्जी, सगळ्या. पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा रूममेट हसल्या, तू काय मुलगा आहेस का म्हणून, आणि मी सहा महिने जीभ चावून चावून ‘करते’ म्हणत होतो. आता सोडून दिलं. त्यामुळं तुझं ते ‘गेले’ मला लगेच समजलं, फक्त माझ्या बाबतीत ‘गेलो’ हा माझ्या घराचा आवाज आहे आणि तुझ्या बाबतीत ‘गेले’ला कुठलं घर आहे ते तू शोधतोयस.

कॉस्प्लेचं. मी आठ वर्षं पुरुष कॅरेक्टर करतो, क्रॉसप्ले म्हणतात त्याला. चालणं बदलतं, खांदे मागं जातात, बसताना पाय फाकवून बसायला मिळतं, लोक रस्ता देतात, त्याचं एक सुख आहे आणि ते मी मान्य करतो. जपानमध्ये ताकाराझुका म्हणून नाटक कंपनी आहे, १९१४ पासून त्यांच्यात सगळ्या भूमिका बायकाच करतात, पुरुषाच्या भूमिका करणाऱ्यांना ओतोकोयाकू म्हणतात आणि त्या वर्षानुवर्षं तेवढंच शिकतात, सिगरेट कशी धरायची, टोपी कशी उतरवायची. मला त्यात स्वतःला बघायला आवडतं. पण विग काढला, पाणी मारलं तोंडावर, की मी बाईच आहे आणि तिथं मला बरं वाटतं. माझ्या ग्रुपमध्ये एकजण, तेव्हा सगळे त्याला मुलगीच समजायचे, माझ्यासारखाच पुरुष कॅरेक्टर करायचा, त्याला मात्र कॉन संपत आली की रडू यायचं, परत स्वतःच्या कपड्यांत जायचं म्हणून. आता तो पुरुष म्हणून, स्वतःच्या नावानं राहतोय. सुरुवात दोघांची एकाच टेलरकडं, एकाच कोटापासून झाली होती.

वाचणाऱ्यांपैकी कुणी माझ्यासारखं पुरुष कॅरेक्टर करत असेल तर एवढं ऐका, छातीला क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नका, मी पहिल्या वर्षी केलं आणि बरगडी दुखून दोन आठवडे नीट श्वास घेता येत नव्हता. मापाचा बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घ्या, आठ तासांच्या वर नको, झोपताना तर अजिबातच नको.

आणि त्या पोरीला तू फसवलं नाहीस. तिला रायडेन शोगुन पाहिजे होती, तिला मिळाली. तिनं तिच्या डोळ्यांना दिसलं ते म्हटलं.

वाटसरू_७१:

एवढा विचार कशाला करायचा? आपल्याकडे बालगंधर्वांपासून चालत आलेलं आहे, लोक डोक्यावर घ्यायचे. नाटक ते नाटक. अभ्यास कर, शेवटचं वर्ष आहे.

अनुवादवाली:

मी पोट भरायला भाषांतर करते, त्यामुळे या गेलो-गेलेशी माझी रोजची मारामारी. इंग्रजी कथेत निवेदक बाई आहे की बाप्या हे चौथ्या पानापर्यंत लेखक सांगत नाही आणि मराठीत मला पहिल्या ओळीत ठरवावं लागतं. म्हणून मी वर्षानुवर्षं मराठीतल्या फटी गोळा केल्यात, त्या तुला देते, कारण मला वाटतं तुला उत्तर हवंय त्याआधी थोडी जागा हवीये.

भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलंस की ते कर्माच्या मागे जातं, बोलणाऱ्याच्या नाही. मी दार उघडलं, मी चहा केला, मी वेणी घातली. यात तू कोण आहेस ते कुणाला कळत नाही. (विसरणे, शिकणे, बोलणे यांच्यापासून सावध, ती सकर्मक असून बोलणाऱ्याच्या मागे जातात, विसरलो, विसरले.) मला वाटलं, मला भीती वाटली, मला जायचं होतं, यातही कळत नाही. ‘आम्ही गेलो’मध्ये तर सगळेच एक. आणि भविष्यकाळ पूर्ण मोकळा आहे, मी जाईन, मी सांगेन, मी राहीन, पुरुषाला आणि बाईला अगदी एकच रूप. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी टेबलावरून उठून घरभर फिरले होते.

एक करून बघ. त्या अकरा पानांतलं एकच पान घे, ज्यात तुझ्या ‘मी’ला काहीतरी लागलंय असं पान. एकदा ते आहे तसं ठेव. एकदा सगळं ‘गेलो, बसलो’ कर. आणि तिसऱ्यांदा ते असं लिही की कळूच नये. तिन्ही मोठ्याने वाच, मनात नाही, आणि कुठल्या पानावर आवाज अडखळतो ते बघ. परीक्षा म्हणून नाही, लेखक म्हणून सांगते, कान जे सांगतो ते डोकं सांगत नाही.

बाकी पुरुषाने बाईच्या तोंडून ‘मी’ म्हणणं आपल्या भाषेत सातशे वर्षांहून जुनं आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या बाईच्या आवाजात आहेत, एकनाथांच्या गवळणींत गोपी बोलतात. त्यावरून त्यांच्याबद्दल काही अनुमान काढायचं नसतं, पण त्या ओळी म्हणताना वारकरी पुरुषांचं तोंड अडखळत नाही, एवढं मी आषाढीच्या वाटेवर कानांनी ऐकलंय.

उशिरा_उमगलेली:

मी ३९ वर्षांची ट्रान्स बाई, म्हणजे जन्मल्यावर मुलगा म्हणून नोंद झालेली बाई, ठाण्यात राहते, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कळलं ३१ व्या वर्षी, त्याच्या आधी बारा वर्षं मी पण “पाठमोरं कॅरेक्टर” हेच उत्तर देत होते, अक्षरशः हेच.

वाटसरू, तुम्ही प्रेमाने लिहिलंय ते कळतंय, पण बालगंधर्वांचं उदाहरण इथे लावू नका. नारायणराव राजहंस स्टेजवर भामिनी झाले, रुक्मिणी झाले, सिंधू झाले, बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या, ती त्यांची कला. या पोराने (की पोरीने, तू सांगशील तसं म्हणेन) विचारलंय की स्टेजवरून उतरल्यावरही संपत नाही त्याचं काय करू. नाटक ते नाटक म्हटलं की तो प्रश्न बंद होतो, सुटत नाही. माझा बारा वर्षं बंद होता.

कळतं कसं, हे विचारलंस. मला एकदम नाही कळलं. सेलेस्ट नावाचा गेम आहे, २०१८ चा, मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते आणि तिची स्वतःचीच सावलीसारखी दुसरी बाजू तिला अडवत राहते. मी तो खेळले तेव्हा एवढंच वाटलं की गेम कठीण आहे आणि मी रडतेय का. मग २०२० मध्ये तो बनवणाऱ्या मॅडी थॉर्सनने लिहिलं की मॅडलिन ट्रान्स आहे, आणि गेम बनत असताना हे तिला मॅडलिनबद्दलही माहीत नव्हतं आणि स्वतःबद्दलही नव्हतं. ते मी लोकलमध्ये उभ्याने वाचलं, मुलुंड गेलं, ठाणं गेलं, मी कळव्याला उतरले. एका माणसाने पूर्ण डोंगर रचला, एकेक पायरी मांडली, आणि आपण काय रचतोय हे तिला वर पोचल्यावर कळलं. तुझ्या अकरा पानांबद्दल वाचताना मला तेच आठवलं. हात डोक्याच्या पुढे जातो कधीकधी.

पण तुझं उत्तर माझंच असेल असं नाही. पंचगंगाचं असू शकतं. दोन्हींच्या मधलं असू शकतं, असे लोक आहेत, सुखाने आहेत. मी माझ्यासाठी एकच गोष्ट बघितली, ती अशी की मला बाई व्हायचं स्वप्न पडायचं त्यापेक्षा जास्त मला साध्या गोष्टी हव्या होत्या. दूधवाल्याने ताई म्हणावं. हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारणीने आत बोलवावं. ते पहिल्यांदा झालं तेव्हा वाण म्हणून एक प्लॅस्टिकची गाळणी मिळाली होती, ती मी वापरत नाही, चहाला दुसरी आहे. तू ‘ताई’बद्दल लिहिलंस म्हणून हे सांगितलं.

आता व्यवहाराचं, हे नीट वाच. घरी लगेच काही जाहीर करायची गरज नाही. डिग्री हातात येऊ दे, राहायची आणि पैशाची सोय स्वतःची होऊ दे, मग बघ. मी भावनेच्या भरात दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं आणि चार महिने मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपले. डॉक्टर किंवा काउन्सेलर निवडताना आधी फोनवर विचार, ट्रान्स लोकांबरोबर काम केलंय का. मला पहिले जे भेटले ते म्हणाले लग्न करा, औषध देतो, निघून जाईल. त्या औषधांनी मी सहा महिने नुसती झोपत होते. आता असं ‘बरं करून देणं’ हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय, म्हणजे तू तिथून उठून बाहेर येऊ शकतोस आणि तक्रारही करू शकतोस. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही ट्रान्स आणि समलिंगी लोकांसाठी काम करणारी संस्था आहे, १९९४ पासून, त्यांच्याकडे काउन्सेलिंग मिळतं. रात्री फारच अंगावर आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि आजी. मी तुझ्या जागी असते तर काही सांगायला म्हणून नाही, पण आजीकडे जात राहिले असते.

मॉनिटरसमोर:

कळव्याला उतरले वाचून थांबलो. उद्या परत सेलेस्ट लावतो, पाच वर्षांपूर्वी सहाव्या चॅप्टरला सोडला होता.

वाटसरू_७१:

ताई, तुमचं वाचलं. मी बालगंधर्वांचं सरळ मनाने लिहिलं होतं, पण प्रश्न झटकल्यासारखं झालं हे खरं. माझा नातू याच वयाचा आहे आणि दिवसभर हेडफोन लावून असतो. त्याला कधी विचारलं नाही की तू त्यात कोण असतोस. आज विचारणार आहे.

तीनपेडी:

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. उत्तर द्यायला आठवडा लागला, सबमिशन होतं.

ते पान तीन तऱ्हांनी लिहिलं. ‘गेलो’वालं पान वाचताना आवाज कुणा दुसऱ्याचा वाटला, मधेच थांबवलं. ‘गेले’वालं पूर्ण वाचलं, दोनदा. पण तिसरं लिहायला सगळ्यात जास्त मजा आली, त्यात घाई नव्हती. सध्या तिथेच राहीन म्हणतं मन. कथा तशीच पुढे नेईन, बघू कुठे जाते.

पंचगंगाताई, तुमचं वाचून हसू आलं आणि खूप बरंही वाटलं. उशिरा_उमगलेली ताई, संस्थेचं नाव आणि नंबर दोन्ही लिहून ठेवलेत. शेवटचा पेपर झाला की नक्की फोन करीन. पोरगा की पोरगी ते मात्र अजून सांगता येणार नाही, नुसतं ‘तू’ म्हटलंत तरी चालेल.

काल विग घेऊन आजीकडे जाणं झालं. दोन वर्षांची वेणी, सगळी गुंतली होती. आजीने विचारलं, गॅदरिंग अजून संपलं नाही का तुझं. मला काही बोलता आलं नाही. तिने पिठाचा डबा रिकामा केला, पुसला, विग चढवला, आणि कोमट पाण्यात कपड्यांचं सॉफ्टनर घालून आम्ही दोघांनी मिळून खालून वर एकेक गाठ सोडवली. दीड तास. मग म्हणाली, तीनपेडी येते तुला, आता चारपेडी शिकवते, इकडे बस, डबा तू धर.